सालोमालोचे पद आणि आठवल्यांचा अभंग

आषाढाच्या सुमारास तुकोबारायांची पालखी बारामतीला मुक्काम करून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते; सराटीला नीरा ओलांडली की पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा वाटेवरच्या ख्रिस्ती घरांच्याही दारांवरून जातो. लहानपणी आम्ही तो ओट्यावर उभे राहून पाहिला. टाळ-मृदंगाची लय आमच्या कानांत मिस्सेच्या गायनाइतकीच मुरली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ आम्ही याच कानांनी ऐकला.

ऐकला, असेच म्हणावयास हवे. फिरत्या सिनेमाचा तंबू गावाबाहेर माळावर पडे. त्याच्या कापडी भिंती चित्र अडवीत, आवाज मात्र त्यांना अडवता येत नसे. तिकिटाला पैसे नव्हते आणि शिवाय ‘तो आपल्यातला सिनेमा नव्हे’ असे आजीचे मत. म्हणून पहिल्या दोन रात्री आम्ही अंगणात बाजेवर पडून चित्रपट नुसता कानांनी पाहिला. तिसऱ्या रात्री आजीच उठली आणि म्हणाली, “चला, बघून तरी येऊ.”

हा चित्रपट १९३६ सालचा. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांची कथा पडद्यावर आणताना फत्तेलालांचा धर्म कोठे आड आला नाही, हे आमच्या आजीला कोणी सांगितले असते तर एक रात्र वाचली असती! तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. संगीत केशवराव भोळे यांचे. पुढच्याच वर्षी त्यांचेच संगीत असलेल्या ‘कुंकू’ मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वगळून निसर्गातले आणि घरातले आवाज ठेवले. कोठे वाजवावे आणि कोठे गप्प राहावे याची जाण त्या मंडळींना होती.

‘संत तुकाराम’च्या आरंभीच ही जाण दिसते. तुकोबा आपल्या तंद्रीत विठ्ठलाला आळवीत बसले आहेत. तेच पद लगेच सालोमालोच्या तोंडी येते, पण नाटकी ढंगाने, समोरच्या श्रोत्यांना जिंकण्यासाठी. शब्द तेच असून त्यातला देव नाहीसा होतो. अंगणात पडून ऐकतानाही हा फरक आम्हांस कळला होता. सालोमालोचा चेहरा तोवर आम्ही पाहिलेला नव्हता. पालखीच्या वाटेवर वाढलेल्या कानांना त्यासाठी चेहऱ्याची गरज पडली नसावी.

मात्र याच कानांनी आम्हांला एकदा फसविलेही. ‘आधी बीज एकले’ हे पद तुकोबांचेच, अशी आमची पक्की समजूत. वर्गात त्यावरून पैज लागली. शेजारच्या माळकऱ्याकडून गाथा आणून आम्ही ती आठवडाभर चाळली. पद सापडले नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचले होते, हे बऱ्याच वर्षांनी कळले. त्यात ‘तुका म्हणे’ नाही, एवढे तरी मोरोपंतांच्या बारामतीशी नाते सांगणाऱ्यांनी पाहावयास नको होते काय? चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे शब्द आपल्या नावावर खपवितो, आणि त्याच चित्रपटाच्या कवीचे शब्द लोकांनी तुकोबांच्या नावावर जमा केले. आठवल्यांना याचे दुःख झाले असेल असे आम्हांस वाटत नाही. पैज हरल्याचे दुःख आम्हांला मात्र बरेच दिवस पुरले.

पुढच्या आषाढात पालखी आली तेव्हा आजी ओट्यावर थांबली नाही. पाण्याची कळशी घेऊन ती रस्त्यावर उतरली. दिंडीतल्या एका म्हाताऱ्याला पाणी देता देता तिने विचारले, “ते बीजाचे म्हणता का हो?”

“ते सिनेमातले, माउली,” म्हातारा म्हणाला. त्याने तोंड पुसले, टाळ सावरले आणि तेच म्हणू लागला.