शिशाचे सैन्य आणि उचललेले प्रशियन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही मजकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली. वंशावळी, सनदा व देवस्थानांची वर्णने यांवर या पृष्ठांत माझ्याहून अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून या खेपेस एक निराळाच विषय घेतो. ज्ञातिबांधवांस तो प्रथमदर्शनी पोरखेळाचा वाटेल. मलाही तसाच वाटला होता. परंतु या पोरखेळाने माझी एक जुनी चूक माझ्या पदरात घातली, म्हणून तो सांगणे मला प्राप्त आहे.

गेल्या दिवाळीत माझा एक भाचा विलायतेहून रजेवर आला होता. अंगणात नातवंडांनी रिवाजाप्रमाणे दगडमातीचा किल्ला रचला होता, त्यावर हळीव पेरले होते व बाजारातून आणलेले मातीचे मावळे ठिकठिकाणी उभे केले होते. ते पाहून भाच्याने आपल्या सामानातून एक पत्र्याचा डबा काढला. आत कापसात गुंडाळलेले, बोटाच्या पेराएवढे शिपाई होते. लाल डगले, पांढरे पट्टे, पाठीवर पडशी, आणि चेहरे इतके रेखीव की भिंगातून पाहावे. सर्व त्याने स्वहस्ते रंगविलेले. पन्नाशीकडे झुकलेल्या, मोठ्या पगाराच्या माणसाने रात्री जागून हे उद्योग करावेत याचे मला हसू आले. तो म्हणाला, "मामा, हे वेलिंग्टनचे पायदळ. माझे प्रशियन अजून व्हायचे आहेत. ते झाल्याशिवाय वॉटर्लू मांडता येत नाही."

मी म्हणालो, "प्रशियन हवेतच कशाला? लढाई तर वेलिंग्टनने जिंकली."

त्याने वडीलकीचा मान राखून काही उत्तर दिले नाही. पण जाताना एक इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. ते शब्दकोश जवळ घेऊन चार महिने वाचले. पुढे जिल्हा ग्रंथालयातून आणखी मिळविली. त्यांतून जे हाती लागले ते येथे देत आहे.

मोठ्या माणसांनी टेबलावर लढाई मांडण्याची चाल प्रशियातच वाढली. राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये तेथील राजापुढे असा खेळ मांडला व त्याच्या तोफखान्यातील पुत्राने १८२४ मध्ये त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. त्यात शिपाई नव्हतेच. नकाशावर तांबड्या व निळ्या धातूच्या पट्ट्या सरकवावयाच्या, सोंगटीच्या फाशांप्रमाणे फासे टाकून हानी ठरवावयाची आणि वाद पडल्यास पंचाने निकाल द्यावयाचा. प्रशियन सेनाप्रमुख म्यूफ्लिंग याने हा खेळ पाहून त्याची शिफारस सर्व सैन्यास केली. हेच म्यूफ्लिंग १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर प्रशियाचे प्रतिनिधी म्हणून वेलिंग्टनच्या छावणीत होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शिपायांच्या मूर्ती मात्र निराळ्या वाटेने आल्या. जर्मनीतील न्यूरेंबर्ग गावी पाटीच्या दगडात साचे कोरून कथलाचे चपटे शिपाई ओतीत असत. हाइनरिक्सन या कारखानदाराने १८४८ मध्ये तीस मिलिमीटर उंची ठरवून दिली, आणि तेव्हापासून एका साच्याची पलटण दुसऱ्या साच्याच्या पलटणीशेजारी शोभू लागली. १८९३ मध्ये इंग्लंडातील विल्यम ब्रिटन यांनी शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली, त्यामुळे माल हलका व स्वस्त झाला. त्याच शिपायांस घेऊन सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स जमिनीवर ओणवे होऊन लाकडी गोळ्यांच्या खेळण्यातील तोफा डागीत. त्यांनी १९१३ मध्ये या खेळाचे पुस्तक लिहिले व खऱ्या युद्धापेक्षा हे लहान युद्ध किती बरे, असे त्यात प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. १९५९ पासून प्लास्टिकचे स्वस्त शिपाई मिळू लागले आणि १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या पुस्तकाने या छंदास मोठा अनुयायीवर्ग मिळवून दिला.

रंगकामाची रीत भाच्याने मला प्रत्यक्ष दाखविली. साच्याची उरलेली शिवण आधी कानशीने घासावयाची, मग काळा अथवा पांढरा अस्तराचा हात द्यावयाचा. वीस-चोवीस शिपाई एका रांगेत ठेवून प्रथम सर्वांचे डगले, मग सर्वांचे पट्टे, मग सर्वांच्या बंदुका, असे चालते. एकेक शिपाई पुरा करू पाहणारा कंटाळून छंद सोडतो म्हणे. पातळ गडद रंगाचा एक हात सर्वांगावर सोडला की तो वस्त्राच्या चुण्यांत उतरून सावली धरतो. उंचवट्यांवर फिका रंग कोरड्या कुंचल्याने टेकवावयाचा आणि शेवटी रोगण. चोवीस मूर्तींची एक पलटण झाली की दुसरीचा ध्यास लागतो. खऱ्या पलटणीत सहाशे-सातशे माणसे धरली, तर पटावरची एक मूर्ती पंचवीस-तीस माणसांच्या जागी उभी असते. म्हणून सैन्य वाढविणे हा नुसता हौसेचा भाग नव्हे, त्यास हिशेब लागतो. कोणाच्या बाजूस किती मूर्ती वाढवावयाच्या, आणि कोणत्या घटकेस त्या पटावर ठेवावयाच्या?

याच प्रश्नाने एका इंग्रज अधिकाऱ्याचे आयुष्य खाऊन टाकले. त्याचे नाव विल्यम सायबर्न. जन्म १७९७. तो स्वतः वॉटर्लूवर लढला नव्हता. लढाई संपल्यावर फ्रान्समध्ये पोहोचलेल्या सैन्यात तो होता. भूमीचे उठावदार नमुने करण्याच्या विद्येवर त्याने ग्रंथ लिहिले होते. १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्यास वॉटर्लूचा एक भव्य नमुना करण्यास सांगितले. तेव्हा हा गृहस्थ रणांगणाच्या मधोमध असलेल्या ला हे सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला आणि त्याने सर्व जमीन मोजून काढली. ती जमीनही आता पूर्वीची राहिली नव्हती. मधल्या काळात सिंहाचा पुतळा बसविण्यासाठी तेथे प्रचंड टेकाड रचले गेले होते व त्याच्या मातीसाठी वेलिंग्टनच्या फळीची धारच खोदून नेली होती.

मग त्याने जे केले ते मला, एका शिक्षकाला, फार मोलाचे वाटते. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांस त्याने छापील पत्रे पाठवून विचारले: सायंकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनच्या खाशा पलटणी चालून आल्या त्या घटकेस, तुमची तुकडी नेमकी कोठे होती? तिची रचना कशी होती? समोर शत्रू कोण होता? शेतात पीक कोणते उभे होते? शेकड्यांनी उत्तरे आली. आजवर इतिहास लिहिणारे सेनापतीस विचारीत; याने कप्तान व लेफ्टनंट यांस विचारले. एका उत्तरात राय उभी, दुसऱ्यात ती तुडविलेली. एका पलटणीने जो पराक्रम आपला म्हणून सांगावा, तोच शेजारच्या पलटणीने आपला म्हणावा. ज्यांनी भाऊबंदकीच्या दाव्यातील साक्षी ऐकल्या आहेत त्यांस याचे नवल वाटणार नाही.

नमुन्याचे प्रमाण इंचास नऊ फूट, क्षेत्र सुमारे ४०० चौरस फूट, आणि त्यावर शिसे व कथील यांचे सत्तर हजारांहून अधिक चिमुकले शिपाई. त्यांची उंची जेमतेम एक सेंटीमीटर, म्हणजे गव्हाच्या दोन दाण्यांइतकी नाही. १८३३ मध्ये सरकारने पैसा थांबविला. सायबर्नने वर्गणी व कर्ज काढून काम पुढे रेटले. एकूण खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला. त्या काळी लहान अधिकाऱ्यास हा आकडा उभ्या जन्मात फिटण्यासारखा नव्हता.

परंतु खरा अडसर पैशाचा नव्हता. सायबर्नने बर्लिनच्या युद्धखात्याकडूनही माहिती मागविली होती. त्या माहितीवरून त्याने सायंकाळच्या त्या घटकेस नेपोलियनच्या उजव्या बगलेवर, प्लांसेन्वा गावापाशी, प्रशियन सैन्य दाटीने उभे केले. वस्तुस्थिती अशी की १८ जून १८१५ रोजी वेलिंग्टनपाशी सुमारे ६८,००० सैन्य होते व नेपोलियनपाशी सुमारे ७२,०००. आणि दुपारी साडेचारपासून ब्ल्यूखरचे प्रशियन फ्रेंचांच्या बगलेवर तुटून पडू लागले, ते रात्रीपर्यंत पन्नास हजारांच्या आसपास पोहोचले. त्यांस अडविण्यासाठी नेपोलियनला आपली राखीव फौज तिकडे वळवावी लागली. वेलिंग्टनने दुसऱ्या दिवशीच्या आपल्या खलित्यात या साहाय्याची कृतज्ञ नोंद केली होती. पण कागदावरील एक वाक्य वेगळे आणि डोळ्यांसमोर उभे हजारो शिपाई वेगळे. नमुना पाहणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळले असते की विजय दोघांचा आहे.

ड्यूकचे मत पडले की प्रशियन फार पुढे दाखविले आहेत, त्यामुळे लोकांचा गैरसमज होईल. लष्करी चिटणीसामार्फत हे सायबर्नच्या कानी घालण्यात आले. बिचाऱ्याने आपला पुरावा पुन्हा पुन्हा पुढे मांडला. परंतु ड्यूक म्हणजे इंग्लंडचे माजी पंतप्रधान व राष्ट्राचे दैवत, आणि हा कर्जबाजारी, बढतीच्या आशेवर असलेला अधिकारी. शेवटी त्याने नमुन्यावरून प्रशियन शिपायांचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलून घेतले. स्वतःच ओतविलेले, रंगविलेले, जागा मोजून रोवलेले. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये नमुना मांडला गेला; शिलिंग देऊन सुमारे एक लाख लोकांनी तो पाहिला. त्या उत्पन्नातून सायबर्नचे कर्ज काही फिटले नाही. १८४४ मध्ये त्याने या युद्धाचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला व लढाईतील एका प्रसंगाचा दुसरा, लहान नमुनाही लोकांपुढे ठेवला. १८४९ मध्ये तो वारला. त्याच्या मुलाने १८९१ मध्ये त्या पत्रांपैकी निवडक छापली, आणि वॉटर्लूवर लिहिणाऱ्या कोणासही आज त्यांवाचून पुढे जाता येत नाही. मोठा नमुना लंडनमध्ये चेल्सी येथील राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आहे. भाच्याने त्याचे छायाचित्र पाठविले आहे. फ्रेंचांच्या उजव्या बगलेस जी जागा विरळ दिसते, तीवर मी पेन्सिलीने खूण केली आहे.

आता माझ्या चुकीविषयी. मी तीस वर्षे सातवीच्या वर्गास शिकविले की वॉटर्लूच्या लढाईत वेलिंग्टनने नेपोलियनचा पराभव केला. एक वाक्य, फळ्यावर लिहून, खाली रेघ ओढून. चित्रकलेच्या तासाला त्याच मुलांच्या रंगपेटीत प्रशियन ब्लू नावाची वडी असे. तो रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडला म्हणून त्याचे ते नाव. एकाही मुलाने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही, की हे प्रशियन कोण. ड्यूकने सायबर्नकडून जे हजारो उचलविले, ते मी न सांगताच उचलीत आलो होतो.

याच वेलिंग्टनचा आपल्या मातीशीही संबंध आहे. तो तेव्हा चौतिशीतला, नुसता आर्थर वेलस्ली होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात असई गावापाशी, केळणा व जुई नद्यांच्या बेचक्यात, त्याने दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा अधिकारी पोलमन हा हॅनोव्हरचा. मराठ्यांच्या सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पण त्यापायी त्यांची जवळजवळ सोळाशे माणसे मेली अथवा जखमी झाली. मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रज पायदळ त्यांना ओलांडून पुढे गेल्यावर काहीजण मेल्याचे सोंग टाकून उठले आणि त्यांनी त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर फिरविल्या. उतारवयात, तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असे विचारता वेलिंग्टनने असईचे नाव घेतल्याचे नमूद आहे. ते गोलंदाज पाहिल्यावर त्याचे मर्म कळते.

हे मी भाच्यास पत्राने कळविले. प्रशियनांच्या चार पलटणी पुऱ्या करून त्याने आता असई हाती घेतली आहे. शिंद्यांच्या घोडदळास कोणता रंग द्यावा, असे त्याने मला विचारले. मी लिहिले की कवायती पलटणींस एक गणवेश ठीक, पण शिलेदार आपला घोडा व आपले कपडे घेऊन येत असे. तेव्हा चाळीस स्वारांस चाळीस पागोटी निरनिराळ्या रंगांची दे, आणि एका अस्तरात सर्वांना बुडवू नकोस. गोलंदाज मात्र कमी करू नकोस, असेही खाली लिहिले. त्याचे उत्तर गेल्या महिन्यात आले. बारा स्वार झाले आहेत, अठ्ठावीस अद्याप अस्तरात उभे आहेत. गोलंदाजांचा साचा तो स्वतः करवून घेत आहे. येत्या दिवाळीस डबा घेऊन येईन म्हणतो. नातवंडांनी किल्ल्याच्या पायथ्याशी दोन नद्यांसाठी आतापासूनच जागा सोडून ठेवली आहे.