उपमुख्यमंत्री कोण निवडतो?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात गझाला हाश्मी नायब राज्यपाल म्हणून निवडून आल्या. जन्म १९६४ चा, हैदराबादचा. आमचे जालनाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच, त्यामुळे आपल्याकडचेच कुणी निवडून आल्यासारखे वाटले. पण जास्त कुतूहल वाटले ते निवडणुकीच्या पद्धतीचे. तिथे या पदासाठी लोक स्वतंत्र मत देतात. राज्यपालपदासाठी एका पक्षाला आणि नायबपदासाठी दुसऱ्या पक्षाला, असेही चालते. हा नायब सिनेटचे कामकाज चालवतो आणि बरोबरी झाली तर मत देतो.

वाचता वाचता १९७८ सालचा, जुन्या जालन्यातला माझा नववीचा वर्ग आठवला.

त्या वर्षी विधानसभेत कुणालाच बहुमत नव्हते. २८८ पैकी जनता पक्षाला ९९ जागा, आणि दुभंगलेल्या काँग्रेसच्या दोन गटांना ६९ व ६२. मग हे दोन गट एकत्र आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्या गटाचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रातले ते पहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, उपमुख्यमंत्री कोण निवडतो?" मी ठणकावून सांगितले, "आमदार."

साफ चूक. संध्याकाळी घरी पुस्तक उघडले. कलम १६४ मध्ये मुख्यमंत्री आहे, त्याच्या सल्ल्याने राज्यपालांनी नेमायचे मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही! घटनेच्या लेखी तो इतरांसारखाच एक मंत्री. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे नुसते नामाभिधान आहे, त्याने घटनेचा भंग होत नाही, असे सांगून या पदाविरुद्धची याचिका फेटाळली.

म्हणजे हे पद जन्मले ते दोन गटांच्या तडजोडीतून. ते सरकार जुलैतच पडले. शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि उपमुख्यमंत्री झाले आमच्या मराठवाड्यातले, बीड जिल्ह्याचे सुंदरराव सोळंके. शिक्षकांच्या खोलीत आम्ही चहा मागवला होता. पुढे १९९५ मध्ये बीडचेच गोपीनाथ मुंडे त्या पदावर आले, तेव्हाही आनंद झालाच. पण तोवर एक गोष्ट कळली होती. मुंड्यांचे वजन होते ते त्यांच्या हातातल्या गृहखात्यामुळे आणि त्यांच्यामागच्या माणसांमुळे. 'उप' या अक्षरांमुळे नव्हे.

मान मिळाला की मागास भागातली माणसे लवकर समाधान पावतात. अधिकार किती मिळाला, हे विचारायचे राहून जाते. तो मुलगा मात्र नेमके तेच विचारत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी चूक कबूल करायला हवी होती. नाही केली. तरुण होतो, मुलांपुढे कमीपणा वाटला. तो आता साठीचा असेल. भेटला तर सांगेन, बाबा रे, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर माझे चुकले.