परीश्रद्धा, आयर्लंडमधील

आयर्लंडच्या खेड्यांत माणसांच्या शेजारीच राहणाऱ्या अदृश्य लोकांविषयीच्या समजुती, विधिनिषेध आणि कथा. आयरिश भाषेत या लोकांना ‘ईस शी’ म्हणतात. पण गावकरी हे नाव उच्चारणे टाळत आणि ‘भली माणसे’ म्हणत. पंखांच्या चिमुकल्या पऱ्यांशी त्यांचे साम्य नाही. ती बहुधा माणसांसारखीच दिसतात, गुरे पाळतात, आपसांत लढतात, असे मानले जाई. मध्ययुगीन कथांनुसार ‘तुआहा डे डानन’ हे दैवी कूळ पराभवानंतर टेकड्यांच्या पोटात राहायला गेले. भल्या माणसांचे मूळ अनेकदा या कुळात शोधले जाते.

स्थाने : मातीच्या वर्तुळाकार तटांच्या जागा हे त्यांचे प्रमुख निवासस्थान. वस्तुतः हे मध्ययुगाच्या आरंभीच्या शेतकरी वाड्यांचे अवशेष असून देशात ते हजारोंनी आहेत. तिथली माती उकरली किंवा शेतातले हॉथॉर्नचे एकटे काटेरी झाड तोडले, तर घरात दुखणे येते, गुरे दगावतात, अशी भीती असे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या नांगर या जागांना वळसा घालून गेला.

आचार : १ मेच्या सकाळी घरातला विस्तव किंवा दूध कोणाला देत नसत, दिल्यास वर्षभराचे लोणी जाते, अशी समजूत होती. व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधाचे थेंब जमिनीवर सांडत. तान्ह्या मुलाच्या पाळण्यावर चुलीचा लोखंडी चिमटा आडवा ठेवत. ओळखीच्या शेतात चकवा लागला, तर कोट उलटा करून घालत.

बदली माणूस : भली माणसे माणसाला पळवून त्याच्या जागी आपल्यातला कोणी ठेवतात, ही या श्रद्धेची सर्वांत घातक बाजू. खंगणारी मुले आणि आजारी स्त्रिया तिच्या बळी ठरल्या. टिपरेरी परगण्यातील बॅलिवॅडली येथे मार्च १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुणी आजारी पडली. ती बदली माणूस आहे असे समजून घरच्यांनी तिला धरून दुधात उकळलेल्या वनस्पती बळजबरीने पाजल्या. पुढे नवऱ्याने तिला जाळले. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. काही नातेवाईकही दोषी ठरले.

संकलन व सद्यःस्थिती : १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. त्याच्या १९३७–३९ मधील योजनेत शाळकरी मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी वह्यांत उतरवल्या. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यातील लाटून येथे नव्या रस्त्याच्या आड येणारा हॉथॉर्न वाचवण्यासाठी कथाकार एडी लेनिहान यांनी मोहीम उघडली. मन्स्टर प्रांताची भली माणसे कॉनॉक्ट प्रांतातल्या भल्या माणसांशी लढायला जाताना तिथे जमतात, अशी आख्यायिका आहे. झाड राखून रस्ता झाला.

मूल्यमापन : या श्रद्धेच्या धाकाने हजारो पुरातन जागा शाबूत राहिल्या, त्याच श्रद्धेच्या आधारे दुबळ्या, आजारी माणसांचा छळही झाला. तिचा अभ्यास करताना तटांच्या रक्षणाइतकीच ब्रिजेट क्लिअरीच्या मृत्यूचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे.