कॉलेज रोडवरचा कॅफे आणि कुकीजची राखण

नाशिकला कॉलेज रोडवर माझा सायबर कॅफे होता. देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, पण आमच्याकडे ते घरांच्या आधी कॅफेत रुळलं. निकाल, प्रवेशाचे अर्ज, परदेशातल्या मुलांचे मेल, सगळं तिथेच. आज लोक तेव्हाच्या रखडत्या वेगाबद्दल बोलतात. मला आठवतात सेटिंग्ज. या धंद्यातला विश्वास त्यांच्यावर उभा होता.

विंडोज एक्सपीवर मराठी आधी सरळ दिसायचीच नाही. कंट्रोल पॅनलमधल्या भाषांच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’वर खूण करायची, की मशीन एक्सपीची सीडी मागायचं. ते राहून गेलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरं सुटी होत.

खासगीपणाची भीती तेव्हा कंपन्यांची नव्हती, खुर्चीवर पुढे बसणाऱ्या माणसाची होती. मेलच्या रकान्यात एक अक्षर टाइप केलं की इंटरनेट एक्सप्लोरर आधीच्या गिऱ्हाइकांची नावं उलगडून दाखवी. एका मुलीचं नाव असं भलत्याच्या हाती लागू नये म्हणून मी प्रत्येक मशीनवर ऑटोकम्प्लीट बंद केलं.

कुकीजचं दुखणं जुनं. लू माँटुलीने त्या १९९४ मध्ये नेटस्केपसाठी बनवल्या, साइटला माणूस लक्षात राहावा म्हणून. कॅफेत नेमकं हेच नको होतं. फायरफॉक्स आल्यावर मी पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ लिहायला शिकलो. तिथे आधी इशारा येई, वॉरंटी जाऊ शकते, आणि ‘सांभाळून करीन’ असं वचन देणारं बटण दाबावं लागे. आत ‘नेटवर्क.कुकी.लाइफटाइमपॉलिसी’ शोधून तिथे २ घातलं की ब्राउझर मिटताच कुकीज पुसल्या जात. गिऱ्हाईक उठलं की मी स्वतः जाऊन खिडकी मिटत असे.

मग २०११ चे सायबर कॅफे नियम आले. ओळखपत्र बघा, नोंदवही ठेवा, कोणी कोणत्या साइट पाहिल्या त्याची नोंद वर्षभर जपा. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. एवढ्या उंचीवरून उभ्या माणसाला आतला स्क्रीन सहज दिसतो. घरून नोकरीचे अर्ज लपवून भरायला येणाऱ्या सुनांना हे जाचलं. काही जणी यायच्या थांबल्या. गुन्हेगार पकडायची गरज मला कळते, तरी हा भार अशा बायकांवर पडला हे मला आजही अन्यायाचं वाटतं. मी नियम पाळला. ब्राउझर पुसायचो, नोंद ठेवायचो, आणि नोंद राहते हे प्रत्येकाला बसण्याआधी सांगायचो.

जून २०२२ पासून फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीज आपोआप वेगळ्या ठेवतो. साइट बदलल्यावरही माग काढणाऱ्या कंपन्यांना त्याने आळा बसतो. पण एकाच फोनवर सासू, सून आणि मुलगा असतील, तर तिथे अजून कुणालातरी आठवणीने इतिहास पुसावा लागतो.