चेतना आणि वध : तृतीय पाराजिकातील अपराधविचार

बौद्ध धर्म कृतीपेक्षा चेतनेला अधिक महत्त्व देतो, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की त्याची मर्यादा तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. चेतना शुद्ध असेल तर मनुष्यवधाचाही दोष लागत नाही काय, असा प्रश्न जिज्ञासू विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. विनयपिटकाच्या सुत्तविभंगात, तृतीय पाराजिकाच्या विवेचनात, या प्रश्नाची जी चिकित्सा आढळते तिच्याकडे आम्ही येथे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

नियमाची उत्पत्तिकथा वैशालीजवळच्या महावनातील आहे. तेथील कूटागारशाळेत भगवंतांनी भिक्षूंना अशुभभावनेचा उपदेश केला आणि स्वतः अर्धा महिना एकांतात राहिले. देहाची किळस येऊन कित्येक भिक्षूंनी आत्मघात केला, काहींनी एकमेकांचे प्राण घेतले, तर काही मिगलण्डिक नावाच्या श्रमणवेषधाऱ्याकडे गेले. पात्र आणि चीवर यांच्या मोबदल्यात त्याने त्यांचा वध केला. भगवान परत आले तेव्हा संघ विरळ झालेला दिसला. कारण कळल्यावर त्यांनी भिक्षूंना आनापानस्मृतीचा मार्ग दाखविला आणि वधाचा निषेध करणारा नियम घातला. पुढे षड्वर्गीय भिक्षूंनी एका उपासकाच्या सुंदर पत्नीवर आसक्त होऊन, त्या उपासकापुढे मरणाची थोरवी वर्णिली. त्याने अपथ्याचे सेवन करून मृत्यू ओढवून घेतला. तेव्हा मरणाची स्तुती करणे व मरणास प्रवृत्त करणे यांचाही नियमात समावेश झाला. म्हणजे शस्त्र हाती न धरता केवळ वाणीने घडविलेला मृत्यूही वधाच्याच पंक्तीत बसला.

नियमातील कळीचा शब्द ‘सञ्चिच्च’ हा आहे. जाणून, समजून, ठरवून केलेली कृती असा त्याचा आशय. ज्यांना दोष लागत नाही त्यांत अजाणता कृती करणारा, मारण्याचा उद्देश नसणारा, उन्मत्त आणि आदिकर्मिक यांची गणना आहे. आदिकर्मिक म्हणजे ज्याच्या कृत्यावरून नियम घातला गेला तो. नियमापूर्वीच्या कृत्यास नियम लागू नाही, हे तत्त्व भारतीय संविधानाच्या २० व्या अनुच्छेदात फौजदारी कायद्यासंबंधी सांगितले आहे, याचे येथे स्मरण होते. अट्ठकथाकारांनी प्राणातिपाताची पाच अंगे मोजली आहेत: प्राणी असणे, तो प्राणी आहे ही जाणीव, वधकचित्त, प्रयत्न आणि त्या प्रयत्नानेच झालेला मृत्यू. मन, कृती आणि परिणाम अशी तिन्ही या गणनेत एकत्र गुंफलेली आहेत.

तत्त्व सांगणे सोपे, ते प्रसंगाला लावणे कठीण. म्हणूनच विनीतवस्तूंतील निवाडे आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. एका भिक्षूने आपल्या वृद्ध भिक्षू पित्याला ‘चला, संघ आपली वाट पाहत आहे’ असे म्हणत पाठीमागून ढकलले. पिता पडून मरण पावला. उद्देश मारण्याचा नव्हता, म्हणून पाराजिक नाही. तीच कृती मारण्याच्या उद्देशाने केली आणि पिता मेला, तर पाराजिक. उद्देश तोच, परंतु पिता वाचला, तर थुल्लच्चय. बाह्य कृती एकच असता तीन निराळे निर्णय होतात. खून, अपघात आणि खुनाचा प्रयत्न हा भेद इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोठे मांडला गेला असेल.

दुसरा निवाडा एका भिक्षाटन करणाऱ्या भिक्षूचा. वस्त्राखाली झाकलेले मूल आसनावर आहे हे न पाहता तो त्यावर बसला आणि मूल दगावले. पाराजिक झाले नाही. परंतु प्रकरण तेथेच संपले नाही. आसन न तपासता बसू नये, बसेल त्यास दुक्कट, असा नवा नियम घातला गेला. गृध्रकूटावरून गंमत म्हणून शिळा लोटून एका गोपालकाच्या मृत्यूस कारण झालेल्या षड्वर्गीयांच्या बाबतीतही हाच न्याय झाला. हेतू नव्हता म्हणून वधाचा दोष नाही, पण काळजी घेतली नाही याचा दोष आहेच.

जैनांच्या सूत्रकृतांगात बौद्धांवर जो उपहास आहे त्याचा विचार येथे अवश्य करावा लागतो. मूल भोपळा समजून सुळावर भाजले तर तुमच्या मते दोष नाही, असा त्याचा रोख. असा भ्रम संयमी माणसास होईलच कसा, असे जैन पक्ष विचारतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आसन तपासण्याचा नियम हा अगदी याच दिशेचा विचार आहे, असे आम्हांस वाटते: अज्ञान दोष पुसते, परंतु टाळता येण्याजोगे अज्ञान नवे कर्तव्य निर्माण करते.

सर्वांत कठीण निवाडे करुणेचे आहेत. काही भिक्षूंनी आजारी सोबत्याचे हाल न पाहवून, केवळ दयेपोटी, त्याच्यापुढे मरणाचे गुण गायले, तो मेला. निर्णय: पाराजिक. एक भिक्षू वधस्थानी गेला आणि याला यातना देऊ नकोस, एकाच घावात संपव, असे त्याने घातकास सांगितले; घातकाने तसे केले. निर्णय: पाराजिक. दुसऱ्या घातकाने मात्र भिक्षूचे सांगणे झुगारून वध केला, तेव्हा सांगणाऱ्यास केवळ दुक्कट लागले. येथे हेतू आणि उद्देश यांतील भेद लख्ख दिसतो. हेतू दयेचा असू शकतो, पण मृत्यू घडावा हा उद्देश मनात असेल तर दयेने तो धुतला जात नाही. ‘चेतना शुद्ध होती’ असे म्हणणाऱ्यास विनय विचारतो: कोणती चेतना? दुःख संपावे ही, की हा जीव संपावा ही?

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मनुष्यवधात उद्देशाबरोबर जाणिवेलाही स्थान दिले आहे. मृत्यू संभवतो हे जाणून केलेले कृत्यही सदोष मनुष्यवध ठरते. हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिळा लोटणाऱ्या भिक्षूंस दुक्कट, तर आजच्या कायद्यापुढे कदाचित तुरुंग. हा फरक विसरता कामा नये. विनय राज्याचा दंड नव्हे. त्याची अंतिम शिक्षा संघातून च्युती एवढीच आहे. तो मुळात मनास शिस्त लावणारा नियम आहे. म्हणून दोन्हींची सरसकट बरोबरी करणे चूक ठरेल.

तथापि एक निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो. चेतनेला प्राधान्य देणे म्हणजे माणसास सवलत देणे नव्हे. बसण्यापूर्वी आसन पाहावे, शिळा लोटण्यापूर्वी खाली पाहावे आणि दयेच्या नावाने बोलण्यापूर्वी आपल्या मनात पाहावे, एवढी जबाबदारी त्या प्राधान्यातूनच येते. वस्त्राखाली झाकलेल्या त्या मुलाची कथा आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम सांगतो, ती याचसाठी.