शिरस्त्राण

आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव शाळेच्या इतिहासात येते ते एका तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात येथे तह झाला. त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली होती, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला होता. हा धडा शिकविताना एखादा मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, शिपायांच्या डोक्यावर काय असे?" मी सांगतो, कित्येकांच्या डोक्यावर पागोटेच. पण वेढ्यांवर वेढे दिलेले जाड पागोटे तलवारीचा वार पुष्कळसा झेलीत असे. १६५९ साली शिवछत्रपती अफझलखानाच्या भेटीस गेले ते मंदिलाखाली लोखंडी टोप घालून, अशी परंपरा आहे. डोके राखावे हे शहाणपण आपल्याला परक्याने शिकविलेले नाही.

असाच प्रश्न विचारणारा माझा एक विद्यार्थी होता. सनावळी त्याला तोंडपाठ. मोठा झाल्यावर त्याने मोटारसायकल घेतली. मी एकदा म्हटले, "बाळ, टोप घालीत जा." तो हसून म्हणाला, "गुरुजी, गावातल्या गावात कायले लागते टोप?" मीही हसलो, कारण मी स्वतः बोडक्यानेच स्कूटरवर बसलो होतो. पुढे दर्यापूरच्या वाटेवर तो पडला. टोप आरशाला अडकविलेला होता. जीव वाचला, पण आज तो मला ओळखतो, माझे नाव मात्र त्याला आठवत नाही. त्याची आई म्हणते, "गुरुजी, हात मोडला असता तं बरं झालं असतं."

त्या माउलीच्या बोलण्यामागे एक इतिहास आहे. मे १९३५ मध्ये 'अरबस्थानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडात मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे शस्त्रवैद्य होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. एकेक कवटी शिवीत बसण्यापेक्षा ती फुटतेच का, हे पाहावे असे त्यांनी ठरविले. अपघातांच्या नोंदी तपासून १९४१ साली त्यांनी दाखविले की, मोटारसायकलस्वार बहुधा डोक्याच्या माराने मरतात, आणि टोप घालणाऱ्यांचा मार हलका असतो. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना टोप सक्तीचा केला. सामान्य नागरिकांसाठी मात्र तेथेही कायदा व्हायला १९७३ साल उजाडले. हट्ट काही केवळ वऱ्हाडातच पिकत नाही!

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने टोप बंधनकारक आहे. तरीही २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली ५०,०२९ टोप न घातलेली दुचाकीवरची होती. म्हणजे रोज १३७! यांतील सुमारे चौदा हजार तर मागे बसलेली होती. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून जाणकारांनी हिशेब मांडला आहे की, टोपाने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो.

टोप करतो तरी काय? मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके एकदम थांबले की तो आतून आपटतो. टोपाच्या आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपतो आणि तो धक्का पोटात घेतो. म्हणून एकदा आपटलेला टोप पुन्हा वापरू नये. आणि हनुवटीखालचा पट्टा न लावलेला टोप डोक्याआधी उडून जातो.

पण सारे काही रस्त्यावरच घडते असे नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे घरातच पडतात. पतंगामागे मागे सरणारे पोर, कठडा नसलेली गच्ची, न्हाणीतली शेवाळलेली फरशी, चाकात अडकणारा पदर, यांना कायदा काय करणार? ते घरच्यांनीच पाहिले पाहिजे. आणि डोके आपटलेला माणूस उठून बोलू लागला, तरी निर्धास्त होऊ नये. आत रक्त साचत असू शकते. वांती, वाढती डोकेदुखी, सुस्ती, बरळणे, झटके यांपैकी काही दिसताच १०८ ला हाक मारावी. "झोपू द्या, बरे वाटेल," असे म्हणत रात्र काढू नये.

मी आता शाळेत टोप घालून जातो. पहिल्या दिवशी पोरे हसली; दुसऱ्या दिवशी कोणी हसले नाही.

वाचकहो, भाऊबीज जवळ आली आहे. भाऊ दूरच्या गावाहून दुचाकीवर येईल. भगिनींनो, ओवाळताना यंदा ताटातल्या ओवाळणीबरोबर आणखी एक मागणे मागा. निघताना त्याच्या हनुवटीखालचा पट्टा तुम्हीच आपल्या हाताने लावा. ज्या कपाळाला टिळा लावायचा, ते पुढच्या वर्षीही पाटावर यायला हवे.