सावलीचे गणित

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या पटांगणात एक काठी उभी रोवा आणि दिवसभर तिची सावली पाहत राहा. सकाळी लांबलचक असलेली सावली हळूहळू आखूड होत जाते, माध्यान्हीला सर्वांत लहान होते आणि मग दुसऱ्या बाजूस पुन्हा वाढू लागते.

असे का होते? प्रकाश सरळ रेषेत जातो. वाटेत काठी आली की तिच्यामागे तो पोचत नाही. ती अडलेली जागा म्हणजे सावली. सूर्य जितका वर, तितकी ती आखूड. बसरा येथे सुमारे ९६५ साली जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी प्रकाशाचा सरळ मार्ग प्रयोगांनी पडताळून पाहिला. सावलीवर त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला.

आपल्या पूर्वजांना सावलीचे एवढे अगत्य का वाटले, हे आपण जाणताच. माध्यान्हीनंतर सावली वाढू लागली की जोहरची वेळ सुरू होते. माध्यान्हीची सावली वजा करून उरलेली सावली काठीएवढी झाली की शाफई मताप्रमाणे, आणि दुप्पट झाली की प्रचलित हनफी मताप्रमाणे असरची वेळ होते. कोकणात व देशावर असरची अजान वेगवेगळ्या वेळी का ऐकू येते, याचे उत्तर याच हिशेबात आहे. पुढे मोठ्या मशिदींत वेळ ठरविण्यासाठी खगोलज्ञ नेमले जाऊ लागले. दमास्कसच्या उमय्यद मशिदीतील अशाच एका खगोलज्ञाने, इब्न अल-शातिर यांनी, १३७१ च्या सुमारास तेथे एक उत्तम छायायंत्र बसविले.

सावलीवर सर्वांत विस्तृत ग्रंथ लिहिला तो ९७३ साली ख्वारिझम येथे जन्मलेल्या अल-बिरूनी यांनी. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारे ते हेच. नमाजाच्या वेळेसाठी असलेल्या एका यंत्रावर रोमन लोकांचे महिने कोरलेले होते, म्हणून एका कर्मठ गृहस्थाने ते नाकारले. बिरूनींचे उत्तर मार्मिक होते: रोमन लोक अन्नही खातात, मग तुम्ही जेवणही सोडणार काय?

पालकहो, हा प्रश्न हजार वर्षांनंतर आपल्यालाही लागू पडतो. अमुक विद्या परक्यांची, तमुक शिक्षण मुलींना कशाला, असे म्हणत आपण किती दारे बंद केली! पूर्वजांनी ग्रीकांचे ग्रंथ वाचले, हिंदी पंडितांचे गणित शिकून घेतले आणि त्यात स्वतःची भर घातली. त्यांचा नुसता अभिमान बाळगणे म्हणजे त्यांच्या सावलीत बसून राहणे होय.

म्हणून उद्या आपल्या मुलाने वा मुलीने अंगणात काठी रोवली, तर तिला रिकामा उद्योग म्हणू नका. हाती मोजपट्टी द्या, आणि संध्याकाळी वही पाहायला मागा.